शेळी ओळखते, मांजर ओळखत नाही

मराठवाड्यात शेताच्या बांधावर, शाळेच्या आवारात, महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर हमखास भेटते. तिला पाणी कमी लागते आणि गुरे तोंड लावत नाहीत, हे तिचे दोन मोठे गुण. रस्त्याने जाणारी शेळी बोरी-बाभळीचा पाला ओरबाडते, कण्हेरीजवळून मात्र तशीच पुढे जाते. यावरूनच ‘मुक्या जनावराला विष बरोबर कळते’ हा समज पक्का झाला. शेळीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. मांजराच्या बाबतीत मात्र तो जिवावर बेतू शकतो.

नांदेड-लातूरसारख्या शहरांत आता फ्लॅटमध्ये मांजर पाळणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. त्याच घरांच्या बाल्कनीत आणि गच्चीवर शोभेच्या कुंड्याही असतात. घरात कोंडलेले मांजर कंटाळले की पानांशी खेळते, ती चावते. मांजराने अधूनमधून गवत खाणे हा त्याचा स्वाभाविक गुण आहे. अंगणातल्या मांजराला ते गवत मिळते, तिसऱ्या मजल्यावरच्या मांजरापुढे फक्त कुंडी असते.

शेळी आणि मांजर यांच्यातला फरक जुना आहे. शेळीच्या पूर्वजांनी लाखो वर्षे पाल्यावर गुजराण केली. कोणते पान कडू, कोणते घातक, हे चाखून सोडून देण्याची सवय त्यातून आली. (भुकेल्या जनावराच्या किंवा कापलेल्या चाऱ्यातून गेलेल्या कण्हेरीच्या बाबतीत ही सवयही उपयोगी पडत नाही आणि गुरे दगावतात.) मांजर मात्र मुळातच मांसाहारी. वनस्पतींतल्या अनेक रसायनांना एका रेणूची जोड देऊन ती लघवीवाटे बाहेर टाकण्याची यंत्रणा आपल्या यकृतात असते. मांजराच्या, आणि वाघ-सिंहाच्याही, यकृतात या यंत्रणेचा एक महत्त्वाचा भाग निकामी आहे. म्हणूनच माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

कमी पाण्याची बाग

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात लोक कमी पाण्यावर तगणारी झाडे लावतात, हे साहजिकच आहे. पण कोरड्या जमिनीत सावकाश वाढणाऱ्या झाडाला एकेक पान महाग पडते. ते वाचवण्यासाठी अशी अनेक झाडे काटे, चीक किंवा विष यांचा आधार घेतात. त्यामुळे दुष्काळाला दाद न देणाऱ्या बागेत विषारी झाडेही बरीच सापडतात.

कण्हेर त्यांत पहिली. तिच्या पान, फूल, खोड, मूळ अशा सगळ्या भागांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ती हृदयाच्या पेशींमधले सोडियम-पोटॅशियमचे संतुलन बिघडवतात. आधी लाळ, उलट्या आणि मग ठोके अनियमित होतात. कण्हेरीची फुले ठेवलेल्या फुलदाणीतले पाणीही सुरक्षित नाही. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी आणि कुंडीतले अ‍ॅडेनियम याच जातीचे विष बाळगतात. पानफुटी आणि नर्सरीत मिळणारे रंगीत फुलांचे कलांचोही हृदयालाच त्रास देतात. कुंपणाच्या शेराचा चीक तोंड आणि डोळे पोळतो. कोरफड आपण त्वचेला लावतो, पण तिच्या सालीलगतचा पिवळा चीक मांजराच्या पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. बंगल्यांच्या दाराशी दिसणारे सायकस यकृतावर घाव घालते. त्याच्या बिया सर्वांत घातक. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी सुंदर दिसते, पण तिच्या कंदातले कोल्चिसिन जीवघेणे असते.

घरातल्या सावलीत वाढणारे मनी प्लँट, डिफेनबेकिया, कॅलेडियम, पीस लिली यांचा त्रास समजून घ्यायला अळू आठवावे. नीट न शिजलेल्या अळूने घसा खाजतो, म्हणून आपण त्यात चिंच घालतो. त्यामागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. या शोभेच्या झाडांतही तेच स्फटिक आहेत. पान चावले की मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, ते पंजाने तोंड घासते. त्रास मोठा असला तरी जीव सहसा जात नाही.

गुच्छातली लिली

मांजरासाठी सर्वांत घातक फूल बहुधा बागेत नसतेच. ते सत्कारात किंवा वाढदिवसाला मिळालेल्या पुष्पगुच्छातून घरात येते. मोठ्या पाकळ्यांची, उग्र वासाची, केशरी परागांची लिली, म्हणजे ओरिएंटल किंवा एशियाटिक लिली, आणि कुंडीत लावली जाणारी डे-लिली मांजराचे मूत्रपिंड निकामी करतात. त्यासाठी पानाचा एखादा तुकडाही पुरतो. मांजराने फूल खाल्लेच पाहिजे असेही नाही. अंगावर पडलेले पराग ते चाटून साफ करते, तेवढेही धोक्याचे ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत मांजर पाळणाऱ्यांना जाहीर इशारा दिला आहे. कुत्र्याला याच लिलीने फार तर पोट बिघडते. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर फुलणारी लिली किंवा पीस लिली या नावापुरत्याच लिली. त्यांचा त्रास पोटापुरता किंवा तोंडापुरता राहतो.

फसवणूक होते ती वेळेच्या बाबतीत. लिली खाल्ल्यावर काही तासांत मांजर ओकते, मलूल होते. मग उलटी थांबते आणि घरचे म्हणतात, बरे झाले. त्याच वेळी मूत्रपिंडाच्या पेशी मरत असतात. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा बंदच पडते. या विषावर उतारा नाही. मात्र साधारण १८ तासांच्या आत शिरेतून सलाइन सुरू झाले आणि दोन-तीन दिवस चालू राहिले, तर वाचण्याची शक्यता चांगली असते. लघवी बंद झाल्यावर ती फार कमी उरते.

म्हणून ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा निर्णय इथे महाग पडतो. नांदेड आणि लातूरमध्ये पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. लातूर जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण लातूर शहरापासून ते साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. रात्री कोणाला फोन करायचा, हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

काय करावे, काय टाळावे

चावलेल्या झाडाची फांदी किंवा फोटो डॉक्टरांकडे न्यावा. नुसते ‘काहीतरी पान खाल्ले’ एवढ्याने उपचार ठरत नाही. किती वाजता खाल्ले, तेही सांगावे. अंगावर पराग असतील तर ओल्या कापडाने लगेच पुसून काढावेत. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. मिठानेच विषबाधा होऊ शकते. दूध, तूप, तेल पाजूनही विष उतरत नाही, उलट ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. माणसांची कोणतीही गोळी देऊ नये.

मांजर आणि बाग दोन्ही ठेवता येतात. गुलाब, मोगरा, अरेका पाम, स्पायडर प्लँट ही झाडे मांजराला विषारी नाहीत. कण्हेर कुंपणाबाहेर असू द्यावी, पण घरात कोंडलेल्या मांजराच्या बाल्कनीत नको. मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ मात्र आणूच नये. तो उंच कपाटावर ठेवूनही उपयोग नाही, कारण मांजर तिथेही पोहोचते.

हिरवे चावण्याची हौस भागवायला एका पसरट कुंडीत गहू पेरावा. आठवडाभरात कोंब येतात. घरात ज्वारी हाताशी असते म्हणून ती मात्र पेरू नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन गुरे पडतात, त्याला शेतकरी ‘किराळ लागणे’ म्हणतात. म्हणून जाणता शेतकरी अशा रानात जनावर सोडत नाही. ते स्वतः ओळखेल, या भरवशावर तो राहत नाही. तीच दक्षता आता बाल्कनीतल्या कुंड्यांसाठीही हवी.