खिशातल्या गॅजेटला बॅटरी कुठली लावायची?

फोनची बॅटरी आपण कधी निवडत नाही. कंपनीने जी घातली ती घातली, आपण फक्त टक्के बघतो. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी किंवा नुसती हौस म्हणून एखादं छोटं यंत्र बनवायला घेतलं की हा प्रश्न आपल्यावर येतो. कोड चालतो, सेन्सर चालतो, सगळं टेबलावर यूएसबी केबलला लावून छान चाललेलं असतं. केबल काढायची वेळ आली की गाडी अडते.

म्हणून एक खरंखुरं यंत्र डोळ्यासमोर धरू. हवेतली धूळ मोजणारं, बॅगेत मावणारं मीटर. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या 'सफर' प्रकल्पाची केंद्रं अंधेरी, बोरिवली, भांडुप अशा ठिकाणी आहेत. पण ती एका जागी उभी असतात. घाटकोपरच्या मेट्रो पुलावर किंवा मुलुंड चेकनाक्याच्या सिग्नलला तुम्ही नेमकं काय हुंगताय, हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी यंत्र सोबत न्यावं लागतं. सामान साधं आहे: ईएसपी३२ बोर्ड, पीएमएस५००३ हा धुळीचा सेन्सर, आणि आकडे ब्लूटूथवरून तुमच्या फोनवर.

आधी भूक मोजू. या सेन्सरमध्ये हवा ओढणारा छोटा पंखा असतो. तो ५ व्होल्टवर साधारण १०० मिलिअँपिअर खातो. ईएसपी३२ रेडिओ चालू असताना सरासरी तेवढंच खातो असं धरा, मात्र वायफाय वापरलंत तर मध्येच २००-३०० चे झटके घेतो. म्हणजे एकूण २०० मिलिअँपिअर, ५ व्होल्टवर. गुणाकार केला की १ वॉट. पुढची सगळी निवड या एका आकड्यावर आहे. हा आकडा काढायच्या आधी बॅटरी विकत घेऊ नका.

बहुतेक जण पहिल्यांदा जी उचलतात ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. क्लिप स्वस्त, वायर जोडली की झालं. आणि नेमकी हीच सगळ्यात चुकीची. चांगल्या अल्कलाइन चौकोनी बॅटरीत ५०० एमएएचच्या आसपास साठा असतो, तोही हळूहळू वापरलात तर. अंधेरी स्टेशनचा पूल आठवा. फलाटावर माणसं कितीही असू देत, जिना अरुंद असेल तर एका वेळी ठरावीकच वर येतात. बॅटरीचा अंतर्गत रोध म्हणजे तो जिना. चौकोनी बॅटरीचा जिना फारच अरुंद. त्यात साधा रेग्युलेटर ९ चे ५ करताना उरलेले ४ व्होल्ट नुसती उष्णता म्हणून घालवतो. हिशोब दीड-दोन तासांवर येतो. स्वस्तातली झिंक-कार्बनची असेल तर तेवढंही नाही. ती स्मोक अलार्म आणि मल्टीमीटरसाठी ठीक आहे, तिथेच राहू द्या. बटण सेलची गोष्ट त्याहून सोपी: सीआर२०३२ मधून काही मिलिअँपिअरच्या वर ओढायचं नसतं, त्यामुळे तो आपल्या यंत्रासाठी बादच.

पेन्सिल सेल मात्र उगाच बदनाम आहेत. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे चार सेल ओळीने लावले की ४.८ व्होल्ट मिळतात. सेन्सरला ४.५ ते ५.५ हवे असतात, म्हणजे मधे कुठलं सर्किट न घालता काम होतं. चार्जरमधून काढल्या काढल्या ते साडेपाचच्या थोडे वर असू शकतात, एवढं लक्षात ठेवून थोडा वेळ थांबून जोडा. २००० एमएएचचे सेल असले तर आठ-नऊ तास निघतात. वजन शंभर ग्रॅमच्या वर जातं, पण पेट घेण्याची भीती जवळपास नाही. यंत्र शाळेतल्या मुलांच्या हातात जाणार असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही.

आता लिथियम. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून निघतो तो गोल सेल म्हणजे १८६५०. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. सरासरी व्होल्टेज ३.७. २५०० एमएएचच्या सेलमध्ये ९.२५ वॉट-तास असतात. व्होल्टेज ५ पर्यंत चढवणाऱ्या बूस्ट सर्किटमध्ये थोडं वाया जातं, हातात पावणेआठ-आठ उरतात. आपलं यंत्र १ वॉटचं, म्हणजे आठ तास. वजन पन्नास ग्रॅमच्या आत. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) किंवा ऑनलाइन शोधलंत तर त्याच मापाचा ९९०० एमएएच लिहिलेला सेलही दिसेल. तो घेऊ नका. या आकाराच्या चांगल्या, खऱ्या सेलमध्ये साधारण २००० ते ३५०० च मावतात. ज्याने लेबलवर एवढं खोटं लिहिलं त्याने आत काय भरलंय याचा विचार करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, सेल ४५ ग्रॅमपेक्षा बराच हलका भरला तर परत करा.

इथे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. हे यंत्र तुम्ही सकाळी साडेआठच्या चर्चगेट लोकलमध्ये घेऊन चढणार आहात. बॅग छातीशी, चारी बाजूंनी रेटा, आणि आग लागली तर डब्यात हलायलाही जागा नाही. त्यामुळे पाऊच प्रकारची मऊ लिथियम पॉलिमर बॅटरी, जिला बाहेरून टणक कवच नसतं, ती या कामाला मी वापरणार नाही. किल्लीचं टोक घुसलं तरी पुरे. गोल सेलसुद्धा बॅगेत सुटा टाकायचा नाही. त्याच्या दोन टोकांना नाणं किंवा चावी लागली की शॉर्टसर्किट. होल्डरमध्ये, वर प्लास्टिकची डबी.

चार्जिंगसाठी सगळे टीपी४०५६ चं निळं मॉड्यूल घेतात. ते दोन प्रकारचं येतं. चार जोडणी-टोकांचं फक्त चार्ज करतं. सहा टोकांचं असतं त्यात संरक्षण-सर्किटही असतं, जे शॉर्ट झालं किंवा सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की पुरवठा तोडतं. सहावालंच घ्या, फरक किरकोळ असतो. आणखी एक: हे मॉड्यूल सरसकट १ अँपिअरने चार्ज करतं. ५०० एमएएचच्या छोट्या सेलला ते फार झालं, तिथे त्याच्यावरचा एक रेझिस्टर बदलून प्रवाह कमी करावा लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल जास्त सुरक्षित असतात म्हणून कोणी सुचवेल, आणि ते खरंही आहे. पण ते ३.६५ व्होल्टपर्यंतच चार्ज करायचे असतात आणि टीपी४०५६ जातं ४.२ पर्यंत, तेव्हा हे मॉड्यूल त्यांना चालत नाही.

एवढं सगळं नको असेल तर सरळ पॉवर बँक. आत चार्जर, संरक्षण, बूस्ट, सगळं तयार. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्टवर बाहेर ६०००-६५०० च मिळतात, आणि हे बहुतेक वेळा पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. तरी आपलं यंत्र तीस तास चालेल. घेताना बीआयएसचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून खरा की खोटा तपासता येतो.

पण पॉवर बँकेत एक गंमत आहे, जिच्यात भले भले फसतात. बॅटरी वाचवायला तुम्ही यंत्राला झोपायला शिकवता: दर पाच मिनिटांनी ४० सेकंद जागं व्हायचं (सेन्सरचा पंखा स्थिर व्हायला ३० सेकंद लागतात), मोजायचं, परत झोपायचं. मग पॉवर बँकेला वाटतं फोन भरला. ५०-१०० मिलिअँपिअरपेक्षा कमी ओढलं की बहुतेक पॉवर बँका अर्ध्या-एक मिनिटात स्वतःला बंद करतात, आणि तुमचं यंत्र झोपेतच जातं. कारण शोधत बसता कोडमध्ये. काही पॉवर बँकांत इअरबड्ससाठी कमी प्रवाहाचा मोड असतो, बटण दोनदा दाबून तो चालू होतो, पण काहींत तो दोनेक तासांनी आपोआप सुटतो.

झोपायचंच असेल तर १८६५० बरा. वरच्या वेळापत्रकात सरासरी खप ०.१८ वॉटच्या आसपास येतो आणि आठ तासांचे चव्वेचाळीस होतात. त्यातही ०.०४ वॉट निव्वळ झोपेत जातात. ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअर खाते, पण बोर्डावरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर मिळून १० मिलिअँपिअरपर्यंत खाऊ शकतात, हजारपट. आधी तो दिवा उखडा.

यंत्र विमानाने गावी नेणार असाल तर सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. आणि सेल फुगलेला दिसला तर टोचू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.