सिल्वासाचा वकील आणि विधिमंडळ

२ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अंमलातून मुक्त झालेल्या सिल्वासाचा कारभार काही वर्षे वरिष्ठ पंचायतीने चालविला, १९६१ मध्ये सिल्वासासह दादरा-नगर हवेली भारतीय संघराज्यात विलीन झाली, लोकसभेची एक जागाही तिच्या वाट्यास आली. परंतु विधानसभा मात्र या प्रदेशास अद्यापि लाभलेली नाही, आणि म्हणून तेथील वकिलास अपील घेऊन मुंबई उच्च न्यायालयात उभे राहता येते, पण आमदार म्हणून कायदा घडविता येत नाही. हे न्यून मला लहान वाटत नाही.

कारण शेजारच्या महाराष्ट्रात पनवेलचे वकील दि. बा. पाटील यांचे उदाहरण आहे. उरण तालुक्यातील जासईच्या या शेतकरीपुत्राने १९५७ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे विधानसभेत प्रवेश केला, पाच वेळा आमदारकी भूषविली, आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या भूमिपुत्रांची कैफियत सभागृहात व रस्त्यावर सारख्याच निष्ठेने मांडली. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. त्या बलिदानातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांस साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना अमलात आली.