भर पाण्यात होडीचं इंजिन बंद पडलं? आधी टाकीचं झाकण बघा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेवढे दिवस होडीमागे लावायचं आउटबोर्ड इंजिनही पडून राहतं. नारळी पौर्णिमेनंतर होडी उतरवावी, तर ते नेमकं खाडीच्या तोंडाशी गप्प होतं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे नांगर टाकणं. तुम्ही इंजिनात डोकं घालून बसलात आणि होडी खडकावर गेली, तर बिघाड सापडून काय उपयोग?

मग लाल दोरी बघा. माणूस पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ती असते. तिची क्लिप निसटली असेल तर कितीही ओढा, इंजिन उठणार नाही. हसू नका, जुन्या तांडेलांचंही असं होतं.

बहुतेकदा घोळ पेट्रोलचा असतो. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल ओढलं जात नाही आणि काही मिनिटांत इंजिन मरतं. पाइपमधला रबरी गोळा आत चेपलेला दिसला तर हाच दोष समजा. गोळा दाबूनही कडक होत नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा पाइप कुठेतरी हवा घेतोय. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्याआधीचं पेट्रोल वापरूच नका.

पेट्रोल ठीक असेल तर प्लग काढा. ओला निघाला तर पुसून, वाळवून बसवा. कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाहीये.

इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. ती थांबली तर लगेच इंजिन बंद करा, नाहीतर ते तापून जाम होईल. खाली पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी अडकलीय का बघा, धारेच्या भोकात बारीक तार घाला. तरीही धार नसेल तर पंपातला रबरी इम्पेलर गेला. कोरडं इंजिन चालवलं की तो लवकर फाटतो, म्हणून किनाऱ्यावर चाचणी घेताना इंजिनाचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवा.

कार्बोरेटर मात्र समुद्रात उघडू नका. एक बारीक जेट पाण्यात पडला की संपलं. त्यापेक्षा १५५४ लावा, तो तटरक्षक दलाचा मदत क्रमांक आहे.