उन्मादातील हिंसा, चालू औषधे आणि वैद्य

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आम्हा वैद्यांकडे बहुधा रोगाच्या आरंभी येत नाही. मनोविकारतज्ज्ञांची औषधे काही वर्षे झालेली असतात, वजन वाढलेले असते, हातांना कंप असतो, दिवसभर गुंगी असते. आणि नातेवाइकांची मागणी एकच असते, ‘वैद्यराज, एवढ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या सोडवा.’ या मागणीला उत्तर देताना आपण अग्नी, कोष्ठ, निद्रा यांचा विचार करतो. हिंसेचा विचार मात्र क्वचितच होतो.

‘वेडा म्हणजे मारकुटा’ हा लोकसमज अन्यायकारक आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. असे रुग्ण हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचेच प्रमाण अधिक असते. तरीही धोका शून्य आहे असे म्हणणे हे वैद्यकाला धरून नाही. स्वीडनमधील 1973 ते 2006 या काळातील नोंदींवरून सीना फझेल व सहकाऱ्यांनी 2009 साली स्किझोफ्रेनियाच्या 8,003 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्यांचे प्रमाण रुग्णांत 13.2 टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य लोकांत 5.3 टक्के आढळले. परंतु खरी गोम पुढच्या आकड्यांत आहे. ज्या रुग्णांना मद्य वा अन्य मादक द्रव्यांचेही व्यसन होते, त्यांच्यात हे प्रमाण 27.6 टक्के होते. ज्यांना नव्हते, त्यांच्यात 8.5 टक्के. म्हणजे उन्मादाच्या रुग्णाची प्रश्नपरीक्षा करताना दारू, गांजा, चरस यांविषयी न विचारणे हे केवळ अपूर्ण निदान नव्हे, तर घरच्यांच्या सुरक्षिततेकडेही दुर्लक्ष होय. चरकाचार्यांनी पित्तज उन्मादात क्रोध, धमकावणे, अंगावर धावून जाणे ही लक्षणे सांगितली आहेत. त्या रुग्णाच्या हाती मद्यासारखे उष्ण-तीक्ष्ण द्रव्य पडले तर काय होईल, हे वैद्याला वेगळे सांगावे लागू नये.

औषधांचा प्रश्न याच गटाने 2014 साली लॅन्सेटमध्ये मांडला. अँटिसायकोटिक किंवा मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे दिल्या गेलेल्या 82,647 व्यक्तींच्या 2006 ते 2009 या चार वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांतील पुरुषांपैकी 6.5 व स्त्रियांपैकी 1.4 टक्के व्यक्तींना या काळात हिंसक गुन्ह्यासाठी शिक्षा झाली, म्हणजे बहुसंख्य त्यापासून दूरच राहिले. या अभ्यासाची मांडणी आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. औषध घेणारा एक आणि न घेणारा दुसरा अशी तुलना न करता, तोच मनुष्य औषध चालू असताना कसा होता आणि बंद असताना कसा होता, हे पाहिले गेले. त्यामुळे प्रकृती, बालपण, कुटुंब हे भेद आपोआप गळून पडतात. अँटिसायकोटिक औषधे चालू असतानाच्या काळात हिंसक गुन्ह्यांचा दर 45 टक्क्यांनी कमी आढळला. नोंदींवर आधारलेल्या अभ्यासाला मर्यादा असतात. पण 2012 च्या लॅन्सेटमधील, नियंत्रित चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणाचाही कल तोच आहे. तेथे सुमारे वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत 27, तर औषध काढून नुसती निष्क्रिय गोळी दिलेल्यांत 64 टक्के होते.

येथेच आपली कसोटी लागते. गोळ्या बंद केल्यावर पहिले काही आठवडे रुग्ण पुष्कळदा बरा भासतो. गुंगी उतरते, तो घरात बोलू लागतो, आणि श्रेय आपल्या घृताला वा वटीला मिळते. संशय आणि भास परततात ते त्यानंतर. तोवर रुग्ण पुन्हा दाखवायला येईलच असे नाही. त्या वेळी समोर असते ती बहुधा त्याची आई किंवा पत्नी. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: चालू अँटिसायकोटिक औषध वैद्याने परस्पर बंद करू नये, मात्राही कमी करू नये. त्रास होत असेल तर तशी चिठ्ठी देऊन रुग्णास त्याच्या मनोविकारतज्ज्ञाकडे परत पाठवावे. मात्रा उतरवणे, औषध बदलणे, गोळ्या चुकवणाऱ्यासाठी दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन देणे, हे मार्ग त्यांच्याकडे आहेत.

आपल्याला काम उरत नाही असे मुळीच नाही. वाढते वजन, रक्तशर्करा, आहार, दिनचर्या, व्यसनमुक्ती यांत वैद्याचा हात मोठा आहे. मलावष्टंभाबाबत मात्र सावध राहावे. क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णाचा बद्धकोष्ठ प्राणघातक ठरू शकतो. पोट फुगले, दुखू लागले, उलटी झाली तर विरेचन देत बसू नये, तात्काळ रुग्णालयात पाठवावे.

सर्पगंधेचा येथे स्वतंत्र उल्लेख हवा. कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. 1952 साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि काही काळ ते पाश्चात्त्य मनोरुग्णालयांतही वापरले गेले. हा अभिमानाचा वारसा खराच. परंतु रेसर्पिन मेंदूतील डोपामिनचे साठे रिते करते आणि अँटिसायकोटिक औषधे डोपामिनचेच कार्य रोखतात. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब घसरणे, गुंगी, अंग ताठरणे यांचा धोका वाढतो. शिवाय रेसर्पिनमुळे विषण्णता येऊ शकते.

म्हणूनच औषधविक्रेत्या बंधूंना विनंती की सर्पगंधा घनवटी ‘शांत झोपेसाठी’ म्हणून मागणाऱ्यास, घरात कोणाला मनोविकाराच्या गोळ्या चालू आहेत का, एवढे अवश्य विचारावे. ओलान्झापिन वा रिस्पेरिडोन दरमहा नेणारे गिऱ्हाईक एखाद्या महिन्यात फिरकले नाही, तर घरच्यांकडे सहज चौकशी करावी. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक काउंटरजवळ लावून ठेवावा.