जाळी आणि मे महिन्यातला वारा

थर्मोस्टॅटचं काम आपण मागच्या लेखात पाहिलं. आज गाडीच्या रेडिएटरपुढे लावली जाणारी जाळी. दर्यापूरकडे ती केवळ हौसेची वस्तू नाही. जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू तरंगतात, सोयाबीन-तुरीच्या मळणीत कुटार उडतं, उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा असतोच. हे सगळं रेडिएटरच्या नाजूक पापुद्र्यांत अडकण्यापेक्षा बाहेरच अडलेलं बरं, हे जाळीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे. पण अडलेला कचरा जाळीवरच साचतो, आणि मग तीच जाळी वारा अडवू लागते.

याची किंमत आपल्या भागात जास्त का, ते आकड्यांत पाहू. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटमार्फत बाहेर टाकावा लागतो. ही उष्णता किती निघून जाईल, हे वाऱ्यावर आणि कूलंट व हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट 95 अंशांवर धरलं, तर डिसेंबरच्या सकाळी 15 अंशांच्या हवेत हा फरक 80 असतो. मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी तो 50 वर येतो. म्हणजे वारा तेवढाच असूनही रेडिएटरची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटली. त्यात जाळीची भर. 1 मिलिमीटर तारेची आणि 6 मिलिमीटर फटींची जाळी सुमारे 73 टक्के मोकळी असते. फट 2 मिलिमीटरची केली की जेमतेम 44 टक्के उरते. त्या बारीक फटींत रुई बसली की उरलेली वाटही बुजते.

“वर्षभर जाळी आहे, तापमानाचा काटा कधी हलला नाही,” असं अनेकजण सांगतात. ते खरंच असतं, पण त्यावरून जाळी निर्धोक ठरत नाही. थर्मोस्टॅट रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट अधिक उघडतो, पंखा अधिक वेळ फिरतो आणि काटा मध्यावर राहतो. राखीव ताकद मात्र मुकाट्याने संपत जाते. ती संपल्याचं कळतं ते परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना: वेग कमी, इंजिनावर भार जास्त, एसी चालू. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असल्याने त्याची गरम हवा थेट रेडिएटरवर येते.

काही कंपन्या स्वतःच ग्रिलला झडपा बसवतात, मग आपण झाकलं तर काय बिघडलं? फरक असा की त्या झडपा इंजिन तापताच उघडतात. आपण लावलेलं झाकण उघडत नाही. लग्नसराईत ग्रिलवर दाट फुलं लावून वरातीत तासभर रांगणाऱ्या गाडीलाही हेच लागू.

जाळी लावायचीच तर रुंद फटींची आणि सहज निघणारी लावा. मळणीच्या दिवसांत ती रोज झटका. रेडिएटर धुताना पाण्याचा जोर कमी ठेवा आणि शक्य असेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर धुवा. पुढून जोरात फवारा मारला तर कचरा आणखी आत बसतो आणि पापुद्रे वाकतात.