एक ट्रक, एक विहीर

२००९ साली अमेरिकेच्या नौदलाने सोलाझाइम कंपनीकडून शेवाळापासून केलेलं इंधन मागवलं. किती? २०,०५५ गॅलन, म्हणजे ७६ हजार लिटर. आपल्या रेल्वेची तेलाची एक वाघीण भरते आणि वर थोडं उरतं, बस्स! किंमत ८५ लाख डॉलर. डॉलर तेव्हा ४८ रुपयांच्या आसपास होता; म्हणजे चाळीस कोटींच्या वर. एका वाघिणीचे! लिटरला ५,३०० रुपयांहून जास्त. आता लिटरला चार किलोमीटर जाणारा ट्रक मुंबईहून पुण्याला काढा. दीडशे किलोमीटर, साडेसदतीस लिटर, दोन लाख रुपये. टोल वेगळा.

तो चाचणीपुरता माल होता आणि ते शेवाळ बंद टाक्यांत साखर खाऊन वाढलेलं, हे मान्य. मग उघड्या तळ्यात, फुकटच्या उन्हावर वाढवू की! तिथले आकडे आधी खूशच करतात. चौरस मीटरला दिवसाकाठी २५ ग्रॅम सुकं शेवाळ आणि त्यात पाव हिस्सा तेल, असं चांगलं पीक धरलं तर एकरी वर्षाला दहा हजार लिटर तेल. आपलं सोयाबीन एकरी आठ क्विंटल आलं आणि त्यात अठरा टक्के तेल धरलं, तर दीडशे-एकशे साठ लिटर. साठपटीहून जास्त!

मग घोडं पेंड खातं कुठे? पाण्यात!

तळ्यातल्या एक लिटर हिरव्यागार पाण्यात सुकं शेवाळ निघतं जेमतेम अर्धा ग्रॅम. तापाच्या पाचशेच्या गोळीत असतं तेवढं औषध. त्यातलं तेल सव्वाशे मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर तेल हवं असेल, तर ७,२०० लिटर पाण्यातून शेवाळ वेगळं काढा. तेही केसापेक्षा कितीतरी बारीक पेशींचं. फडक्याने गाळायची सोय नाही. पाणी तळ्यात परत जातं खरं, पण आधी ते उपसायचं, फिरवायचं, आणि त्या प्रत्येक लिटरचं वीजबिल भरायचं. महागाई इथे आहे.

आता आपला ट्रक पुन्हा काढू. साडेसदतीस लिटर गुणिले ७,२००: दोन लाख सत्तर हजार लिटर. वीस फूट व्यासाची, तीस फूट पाण्याची एक अख्खी विहीर, एका ट्रकच्या एका फेरीला! पन्नास वाघिणींची मालगाडी भरायची? सुमारे ०.९ टीएमसी, म्हणजे जवळजवळ अर्धं खडकवासला. आणि भारत रोज डिझेल जाळतो जवळजवळ ३० कोटी लिटर, अशा पंच्याऐंशी गाड्या! पाणी किती? ७६ टीएमसी. रोज! काठोकाठ भरलेली कोयना १०५ टीएमसीची. दीड दिवस पुरणार नाही. सोमवारी सकाळी उपसायला घेतली, तर मंगळवारी दुपारी तळ दिसेल!

स्वस्ताईची सगळी धडपड हा आकडा खाली ओढण्याची आहे. एक्सॉनमोबिलने २००९मध्ये सिंथेटिक जिनॉमिक्सबरोबर ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी जाहीर केली. २०१७मध्ये एका जातीच्या शेवाळातलं तेल वीस टक्क्यांवरून चाळीसच्या वर नेल्याचं या जोडीने सांगितलं. (२०२३मध्ये एक्सॉन बाहेर पडली, इतक्या पाण्यापुढे तिचाही खिसा आखूड पडला असावा.) आपल्या पाव हिश्शाच्या जागी चाळीस टक्के धरा, ७६चे ४८ टीएमसी होतात. आता दुसरी युक्ती, आणि मला ही जास्त आवडते: पाणी नुसतं उभं ठेवायचं, शेवाळ तळाशी बसू द्यायचं. गुरुत्वाकर्षणाला बिल येत नाही. गाळ वीसपट दाट झाला की यंत्राच्या वाट्याला उरतात दोन पूर्णांक चार टीएमसी. खडकवासल्याहून थोडं जास्त. रोज!