पोटाचा जुना त्रास आणि अ‍ॅक्युपंक्चर: सुया टोचून घेण्याआधी एवढं जाणून घ्या

पोटात मुरडा येतो, गॅस धरतो. कधी दिवसातून चार वेळा शौचाला पळावं लागतं, तर कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. सोनोग्राफी नॉर्मल, रक्ताची तपासणीही नॉर्मल! आपल्या अनेक घरांत ही तक्रार वर्षानुवर्षे चालू असते. नमाजला उभं राहताना वुजू टिकेल की नाही याची धास्ती, लग्नाला गेलं तरी आधी शौचालय कुठे आहे ते शोधायचं. मग कुणीतरी सुचवतं, "अ‍ॅक्युपंक्चर करून बघा." त्याने खरंच फरक पडतो का? संशोधन काय सांगतं, ते आज पाहू या.

हा आजार नेमका कोणता?

आतड्यात जखम, गाठ किंवा सूज दिसत नाही, पण आतड्याचं काम मात्र बिघडलेलं असतं. अशा विकारांपैकी सर्वांत परिचित म्हणजे आयबीएस, म्हणजेच इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. जुनी बद्धकोष्ठताही अनेकदा याच गटात येते. आतड्याचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं. म्हणून परीक्षा, कर्ज, घरातला ताण यांचा परिणाम थेट पोटावर होतो. पण म्हणून याला 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावू नका. वेदना खरीच असते.

सुई काय करते?

ही मूळची चिनी पद्धत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बी. के. बसू यांनी पुढे ही विद्या चीनमध्ये शिकून भारतात आणली. पोटाच्या तक्रारींसाठी गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या बारीक सुया टोचून साधारण २०-३० मिनिटं ठेवतात. हिजामा आणि हे एकच, असा काहींचा समज असतो. तसं नाही. हिजामात कप लावून रक्त काढलं जातं, इथे रक्त काढत नाहीत.

संशोधन काय म्हणतं?

ब्रिटनमध्ये २३३ आयबीएस रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांना तीन महिन्यांनी चांगला आराम होता. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. ऐकायला छान वाटतं. पण त्याच वर्षी कॉक्रेन संस्थेने १७ अभ्यास आणि १,८०६ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा वेगळी गोष्ट पुढे आली. खऱ्या सुयांची तुलना खोट्या, म्हणजे नुसता टोचल्याचा भास देणाऱ्या सुयांशी केली, तर आयबीएसमध्ये फरक उरत नव्हता.

मग आराम येतो कुठून? अमेरिकेतल्या २६२ रुग्णांच्या २००८ मधल्या अभ्यासात याचं उत्तर मिळतं. नुसते प्रतीक्षा यादीत असलेल्यांपैकी २८ टक्के लोकांना पुरेसा आराम पडला. खोट्या सुया लावलेल्यांत ४४ टक्के, आणि खोट्या सुयांसोबत उपचार करणाऱ्याने आपुलकीने बसून नीट ऐकून घेतलं, त्यांच्यात तब्बल ६२ टक्के! म्हणजे रुग्णाला मिळालेला वेळ आणि धीर, हेही औषधच आहे.

तीव्र बद्धकोष्ठतेचं चित्र मात्र थोडं आशादायक आहे. चीनमधल्या १५ रुग्णालयांत १,०७५ रुग्णांना आठ आठवड्यांत २८ वेळा, सुयांतून सौम्य वीजप्रवाह देऊन उपचार केले. आठवड्यात तीन किंवा जास्त वेळा, औषधाशिवाय पूर्ण पोट साफ होणारे ३१.३ टक्के होते. खोट्या उपचारांत १२.१ टक्के. फायदा दिसतो, पण दर तिघांपैकी दोघांना तो झाला नाही, हेही लक्षात ठेवा.

आधी हे तपासा

शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं. यातलं एकही असेल तर सुया नंतर, आधी पोटविकारतज्ज्ञ. आपल्याकडे आतड्याचा टीबीही होतो. 'गॅसच आहे' म्हणत सुया टोचून घेण्यात महिने गेले, तर खरा आजार आत वाढत राहतो.

तपासणी झाली आणि आयबीएसच निघाला, तर आहार, इसबगोल आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं ही पहिली पायरी. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्या. रमजानमध्ये ते इफ्तारनंतर घेता येईल, आणि भजी-समोशांना थोडा आवर घाला.

त्यानंतरही अ‍ॅक्युपंक्चर करून पाहायचं असेल, तर जोड म्हणून करा, चालू औषधं बंद करू नका. सुई नवी, सीलबंद आणि एकदाच वापरायची हवी. नाहीतर कावीळ, एचआयव्हीसारखे संसर्ग होऊ शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गर्भावस्था असेल तर आधी सांगा. किती बैठका आणि एकूण खर्च किती, हे सुरुवातीलाच विचारा. दुखणं आणि शौचाची नोंद वहीत ठेवा. ठरलेल्या बैठका संपल्यावर वहीत फरक दिसत नसेल, तर पुढचे पैसे वाचवा. 'शंभर टक्के बरं करतो' म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका.

आणि घरातल्यांनाही एक विनंती. अम्मी किंवा भाभी पोट दुखतंय म्हणाली, की "तुझं रोजचंच आहे" असं म्हणू नका. दोन मिनिटं बसून ऐका. त्यालाही खर्च लागत नाही.